अनुभव धागा : हात उचलावा लागला तेव्हा

वकील, वर्धा जिल्हा (धागा सुरू करणारी)

गेल्या पंधरवड्यात माझ्याकडे तीन जण एकच प्रश्न घेऊन आले : वावरात चोर सापडला तर मारता येतं का? एका काकाजींनी तर खुर्चीवर टेकायच्या आधीच विचारलं, “वकीलबाई, मी माह्या वावराची राखण केली, तं गुन्हेगार मी कसा?” मागच्या महिन्यापासून त्यांच्यावर खटला सुरू आहे.

कायदा थोडक्यात सांगते, कारण गावोगावी त्याबद्दल अर्धवट गोष्टी फिरतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. स्वसंरक्षणाचा हक्क तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जुन्या दंड संहितेत तो ९६ ते १०६ मध्ये होता, आशय जवळपास तोच. आपला जीव, दुसऱ्याचा जीव, मालमत्ता, या तिन्हींसाठी हात उचलता येतो. पण गरजेपुरताच. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि धोका टळला की हक्कही संपला. माणसं अडकतात ती इथेच. चोर धरतात, बांधतात आणि मग मारतात.

तुम्ही पाहिलेलं, केलेलं, सोसलेलं लिहा. गावाचं, माणसाचं, ठाण्याचं नाव नको.

शेतकरी, यवतमाळ जिल्हा

आमच्याकडे ओलिताची लाईन आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. दोन वर्षांत माझ्या विहिरीवरची केबल तीनदा कापून नेली. तांबं काढून विकतात. दरवेळी हरभरा नेमका घाट्यावर आलेला, आणि पाणी बंद. तक्रार द्यायला गेलो की ‘बिल आणा’ म्हणत. आठ वर्षांपूर्वीच्या केबलचं बिल कुठून आणू?

म्हणून आम्ही आठ जण जागलीला, रातच्या राखणीला जाऊ लागलो. एका रात्री अडीचच्या सुमारास शेजारच्या विहिरीवर एक जण सापडला. दोघं पळाले, हा चिखलात रुतला. पोट्टं अठरा-एकोणीसचं. एक चप्पल चिखलातच राहिली होती, आणि तांब्याच्या तारांनी तळहात कापलेले. त्यानंच कापलेल्या केबलनं त्याला कडुनिंबाला बांधलं.

पहाटेपर्यंत पन्नास-साठ माणसं जमली. कुणी तुतारी, म्हणजे बैल हाकायची काठी आणली, कुणी बंडीची उभारी, म्हणजे गाडीचा उभा दांडका. ज्यांची केबल कधीच गेली नव्हती, ते जास्त जोरात मारत होते. मीही मारलं. चार-पाच फटके असतील. हे लिहायला मला दोन दिवस लागले.

मग गावातला एक म्हातारा आला. देवळात काकड्याला निघाला होता. त्यानं खांद्यावरचा शेला पोट्ट्याच्या डोक्यावर टाकला आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसला. म्हणाला, “याच्या मायले सांगायले कोण जाईन? पहिले नाव सांगा, मंग मारा.”

कुणी नाव सांगितलं नाही. उभारी खाली ठेवल्याचा आवाज मला अजून आठवतो.

पोलीस पाटलानं ११२ ला फोन केला. गाडी यायला दीड तास लागला, आणि तो दीड तास सगळ्यात कठीण गेला. कारण राग उतरला की समोर नुसतं पोट्टं दिसते. त्यानं पाणी मागितलं. मी कॅन त्याच्या तोंडाला लावली, तर अर्धं पाणी छातीवर सांडलं. ओठ सुजल्यामुळं त्याला तोंड मिटता येत नव्हतं.

वकील, वर्धा जिल्हा

दादा, लिहिल्याबद्दल आभार. एक गोष्ट सगळ्यांसाठी सांगते. दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र गुन्हा डोळ्यांसमोर घडला तर साधा नागरिकही माणसाला धरून ठेवू शकतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० तसं सांगतं. मात्र विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या हवाली करायचं. तुम्ही त्याला धरलंत तोवर कायदा तुमच्या बाजूनं होता. पहिला फटका बसला आणि तुम्हीही आरोपी होऊ शकत होतात.

बचत गटातली बाई, वर्धा जिल्हा

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, तरी आमच्या गावात तीन ठिकाणी मोहाची निघायची. आम्ही बायांनी सडव्याचे, म्हणजे दारूसाठी आंबवलेल्या मोहाचे, ड्रम नाल्यात ओतले. पोलिसांना बोलावलं नव्हतं, कारण त्याआधी तीनदा बोलावलं होतं.

नवव्या रात्री दारूवाल्याचा माणूस कुऱ्हाड घेऊन माझ्या दारावर आला. नवरा जिनिंगमध्ये रातपाळीला, घरात मी आणि दोन पोरी. टिनाचं दार दोन लाथांत आत आलं. हाताशी मुसळ होतं. त्याच्या मनगटावर घातलं, कुऱ्हाड गळाली, तो उंबऱ्यावर बसला. मुसळ पुन्हा वर गेलं होतं. धाकटी म्हणाली, “माय, त्याचा हात मोडला.” मी थांबले. कुऱ्हाड पायानं आत सरकवली आणि जीव खाऊन ओरडले.

त्यानंही माझ्याविरुद्ध तक्रार दिली. एक वर्ष तारखा केल्या. पोरींच्या शाळेच्या पैशातून एस. टी. चं भाडं गेलं. सुटले.

वकील, वर्धा जिल्हा

ताई, रात्री दार फोडून घरात शिरणाऱ्याच्या बाबतीत कायदा घरच्या माणसाला सगळ्यात मोठी मोकळीक देतो. न्याय संहितेचं कलम ४१ पाहा. वेळ आली तर जीव जाईपर्यंतही प्रतिकार करता येतो. तरी तो निःशस्त्र होऊन बसल्यावर दुसरा घाव बसला असता, तर कोर्टात मला वेगळीच लढाई लढावी लागली असती.

फासेपारधी तरुण, अकोला जिल्हा

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो १९५२ साली रद्द झाला. गावाच्या डोक्यातून गेलेला नाही.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना गावातल्या देवळाची दानपेटी फुटली. सकाळी सातला आमच्या बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर, चाळीसेक माणसं काठ्या घेऊन आली. चहा उकळत होता, त्यावर लाथ मारली. बापाचा हात मोडला. पुढं पेटी फोडणारे सापडले, ते गावातलेच निघाले. आमच्याकडे येऊन कुणी एक शब्द बोललं नाही. बापाच्या हातात अजून वजन राहत नाही.

केबलवाल्या दादांना विचारतो. ते झाडाला बांधलेलं पोट्टं आमच्यातलं असतं, तर म्हाताऱ्यानं शेला टाकला असता काय? आणि टाकला असता तरी लोक थांबले असते काय?

शेतकरी, यवतमाळ जिल्हा

भाऊ, तीनदा वाचलं. म्हाताऱ्यानं टाकला असता, हे खात्रीनं सांगतो. बाकीच्यांचं आणि माझं सांगता येत नाही.

वकील, वर्धा जिल्हा

जात, समाज, भाषा अशा कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून खून केला, तर न्याय संहितेच्या कलम १०३(२) खाली त्यातल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते. २०१८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती. मोबाईलवरच्या अफवेपायी गेली.

नाव नको, चंद्रपूर जिल्हा

माझ्या बापानं रानडुकरांसाठी धानाच्या बांधीभोवती तार लावून करंट सोडला. आजूबाजूचे सगळेच लावत होते. पहाटे शेजारचे काका पाणी पाहायला आले आणि चिकटले. मी लहान होतो तेव्हा त्यांच्याच खांद्यावर बसून पोळा पाहायचो.

सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागला. ‘मी माझ्या पिकाची राखण करत होतो’ हे बापानं कोर्टात सांगितलं, पण तार माणूस ओळखत नाही. दोन्ही घरांची आवारभिंत एकच आहे. काकू सकाळी झाडायला आल्या की आम्ही दार लावून घेतो. ज्यांच्या शेतात आज अशी तार असेल, त्यांनी हे वाचून उठावं आणि काढावी.

शिक्षक, भंडारा जिल्हा

‘गाव एक झालं की न्याय होतो’ असं कुणी म्हणालं की मला मोहाडी तालुक्यातलं खैरलांजी आठवतं. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चार जणांना जमावानं मारलं. तिथंही गाव एक झालं होतं.

खासगी नोकरी, सध्या नागपूर, मूळची उमरेडकडची

दुसरी बाजूही लिहिते. १३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात कस्तुरबानगरच्या बायांनी एका गुंडाला संपवलं. अनेक वर्षं वस्तीला छळणारा, बायांवर अत्याचार करणारा माणूस होता तो. पुढं खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी सुटले. ती बातमी आमच्या घरी आईनं मोठ्यानं वाचली होती आणि वाचून झाल्यावर रडली होती. तिच्यावर काय बेतलं होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या बायांना चूक म्हणायला आजही माझी जीभ रेटत नाही. पण पारधी भाऊंचं वाचल्यावर चाळीस माणसांच्या हातात काठी असावी असंही म्हणवत नाही.

आशा सेविका, गडचिरोली जिल्हा

आमच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, तापानं लेकरू दगावलं आणि एका म्हातारीवर करणी केल्याचा आळ आला. लोक तिच्या घराकडे निघाले, तेव्हा मी पोलीस पाटलाला घेऊन तिच्या ओसरीत बसले. जादूटोणाविरोधी कायद्यात, म्हणजे २०१३ च्या, सात वर्षांपर्यंत कैद आहे हे मोठ्यानं सांगितलं. ऐकलं अर्ध्यांनी. बाकीचे पाऊस आला म्हणून परतले. म्हातारी आता लेकीकडे राहते.

बचत गटातली बाई, वर्धा जिल्हा

यवतमाळच्या दादा, पुढं काय झालं? तुमची तक्रार घेतली काय?

शेतकरी, यवतमाळ जिल्हा

तिसऱ्या फेरीला घेतली, ताई. पोट्ट्याला जामीन झाला. मारहाणीत माझा जबाब झाला, मी खरं ते सांगितलं, तारीख पुढच्या महिन्यात आहे. केबल मिळाली नाही. यंदा त्या तीन एकरांत हरभरा पेरला नाही.