मे महिन्यात अमेरिकेत मिनेसोटाला वॉलाय आणि मस्की (तिकडचे गोड्या पाण्यातले मासे) गरवायला जातोय, कोणी गेलंय का?

गायमुख_गरीवाला

नमस्कार मंडळी. मी कासारवडवलीला राहतो, रिटायर होऊन दीड वर्ष झालं आणि तेव्हापासून रविवार सोडून (रविवारी सेल्फीवाले पाण्यात दगड टाकतात) बाकी दिवशी गायमुखच्या बाजूला खाडीवर गरी टाकून बसतो. शिंगाळी, चुकून एखादी बोय, नशीब जोरावर असलं तर पिल्लू जिताडा, एवढंच आपलं राज्य.

तर झालंय असं की मुलगी मिनियापोलिसला असते, आम्ही दोघं मे मध्ये जातोय आणि तिने मला न विचारता लेक ऑफ द वुड्स नावाच्या तळ्यावर बॉडेट गावाजवळ चार दिवसांची केबिन बुक केलीये कारण म्हणे त्या शनिवारी वॉलायचा सीझन उघडतो आणि अर्धं राज्य होड्या गाडीला बांधून रस्त्यावर येतं. जावईबापूंनी आयुष्यात गरी धरलेली नाही, त्यांची सगळी भिस्त माझ्यावर, आणि मी गोड्या पाण्यात ठाण्याच्या मासुंदा तलावापलीकडे कधी गेलेलो नाही.

यूट्यूबवर बघून डोकं फिरलंय. ती मस्की म्हणजे साडेचार फुटी मगरच, मला तीच पकडायची आहे, खोटं कशाला बोलू. माझा दहा फुटी जाड रॉड आणि ४० पौंडी तंगूस (नायलॉनची दोरी) घेऊन जाऊ का? चारा कुठला? पाणी थंड म्हणजे किती थंड? कोणी गेलं असेल तर सविस्तर सांगा, थोडक्यात नको.

ऐरोली_सेक्टर८

काका, मी चार वर्षं मिनियापोलिसला होतो, तीन ओपनर (सीझन उघडतो तो दिवस) केलेत, त्यातला एक लेक ऑफ द वुड्सवर. सविस्तर म्हणालात म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वाईट बातमी. मस्की विसरा. मिनेसोटात वॉलायचा सीझन साधारण मे च्या दुसऱ्या शनिवारी उघडतो (२०२५ ला १० मे होती), पण मस्कीचा राज्यात जूनच्या पहिल्या शनिवारी आणि तुमचं हे तळं कॅनडाच्या सीमेवर आहे त्यामुळे तिथे तर जूनच्या तिसऱ्या शनिवारी. तुम्ही तोपर्यंत परत ठाण्यात पोचून पावसाची वाट बघत असाल. म्हणून तो दहा फुटी बांबू घरी ठेवा. वॉलायला साडेसहा-सात फुटी हलका स्पिनिंग रॉड आणि ६ ते ८ पौंडाची लाइन पुरते, तिथेच घ्या नाहीतर भाड्याने घ्या, ४० पौंडाच्या तंगुसावर तुम्हाला वॉलायचा चावा कळणारच नाही.

आता चावा म्हणजे काय ते ऐका कारण मी इथेच मार खाल्ला. आपल्या शिंगाळीसारखी ओढाओढ नाही. पाव औंसाचं, म्हणजे सातेक ग्रॅमचं जिग (शिशाचं डोकं वितळवून बसवलेला गळ), त्याला शायनर नावाची मांदेलीएवढी चंदेरी मासळी, बहुतेक फ्रोझन पाकिटातली. गळ तिच्या तोंडातून घालायचा, कल्ल्यातून बाहेर काढायचा, परत पाठीत टोचायचा, म्हणजे सरळ बसते आणि लगेच निघून येत नाही. होडी नांगरलेली, जिग तळाला टेकवायचं, अर्धा फूट उचलायचं आणि धरून ठेवायचं. हलवायचं नाही. आपल्याला हात शिवशिवतात पण नाही हलवायचं. मग एक "टक" येतं, ओल्या अंगठ्याने कोणीतरी दोरीला हात लावावा तसं, आणि कधी तेही नाही, नुसतं जिग जड वाटतं. तेव्हा मनगटाने हळूच उचला. मी पहिल्या दिवशी जिताड्याला हाणतात तसा दणका दिला, पाच वेळा दिला, पाचही वेळा नुसता गळ वर आला आणि शेजारच्या होडीतले एक आजोबा माझ्याकडे बघून मान हलवत होते.

खोली दहा-बारा फुटांपासून पंचवीसेक फुटांपर्यंत शोधावी लागते. पाणी चहासारखं तपकिरी असल्यामुळे सोनेरी जिग तिथे सगळ्यात जास्त चालतं, सोनेरी-गुलाबी, सोनेरी-केशरी, दुकानात शिरलात की भिंतभर तेच दिसेल. वॉलायच्या डोळ्यात मांजरासारखा चकचकीत थर असतो त्यामुळे कमी उजेडात तिला बाकीच्यांपेक्षा जास्त दिसतं, म्हणून पहाट, संध्याकाळ, ढगाळ दिवस. पाणी आरशासारखं शांत आणि वर कडक ऊन असेल तर केबिनवर येऊन झोपा. थोडा वारा, थोड्या लाटा, हे चांगलं.

लायसन्स ऑनलाइन निघतं, बाहेरच्यांना २४ तासांचं, ७२ तासांचं, ७ दिवसांचं असं मिळतं. माणशी एकच गरी पाण्यात, आपल्यासारख्या चार काठ्या रोवून बसता येत नाही. आणि मोजपट्टी घ्या. त्या तळ्यावर मिनेसोटाच्या बाजूला साडेएकोणीस ते अठ्ठावीस इंचातली वॉलाय लगेच सोडायची असते, अठ्ठावीसच्या वर एकच ठेवता येते. सॉगर नावाची तिची चुलत बहीण पण सापडेल, तिच्या पाठीच्या पंखावर ठिपके असतात आणि वॉलायच्या शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा डाग असतो, त्यावरून ओळखा. दोन्ही मिळून सहा ठेवता येतात, त्यात वॉलाय चारच. तरी निघायच्या आधी त्या वर्षाचे नियम एकदा वाचा.

दिवाळेकर_बेलापूर

ऐरोलीवाले दादांनी मस्त लिहिलंय. मी अमेरिका टीव्हीवरच बघितली आहे पण घरात पिढ्यान्‌पिढ्या खाडी आहे म्हणून एक विचारतो, ही वॉलाय बर्फ वितळल्यावर नदीत चढते का? कारण हे वाचून मला सरळ वलगण आठवली. पहिला जोराचा पाऊस पडला की मासळी ओढ्यातून वर शेतात चढते अंडी घालायला, आणि अख्खा गाव बत्ती, पाग, टोपली जे मिळेल ते घेऊन धावतो. तसंच असेल तर काका, तळ्याच्या मध्यात जाऊ नका, नदीच्या तोंडाशी बसा. चढलेली मासळी उतरतेच, आणि त्याच वाटेने उतरते.

ऐरोली_सेक्टर८

दिवाळेकर एक नंबर. अगदी तसंच. बर्फ फुटला की पाणी ६ ते १० डिग्रीला आल्यावर वॉलाय रात्री गोट्यांवर, खडीवर अंडी टाकते, नदीत पण आणि तळ्याच्या खडकाळ काठाला पण. घरटं नाही राखण नाही, टाकली की चालली. माद्या काम झालं की खोल पाण्याकडे निघून जातात, नर मात्र रेंगाळतात. म्हणून ओपनरला रेनी रिव्हर जिथे तळ्याला मिळते त्या भागात होड्यांचा बाजार भरलेला असतो आणि सापडतात ते बहुतेक पंधरा-सतरा इंची नर, जे नेमके खायच्या मापाचे. फरक एवढाच की तिकडे त्यांना अंडी घालून होईपर्यंत सीझन बंद ठेवतात आणि आपण वलगणीला भरल्या पोटाची मासळी टोपलीने आणतो, आणि वर व्हॉट्सॅपवर लिहितो की आजकाल ओढ्यात काही राहिलं नाही.

दिवाळेकर_बेलापूर

बोललात ते खरंय. आमची आजी पहिल्या दोन रात्री कोणाला जाऊ द्यायची नाही, तिसऱ्या रात्रीपासून जा म्हणायची. आता कोण ऐकतंय.

ठाणे_बिंदास९२

काका एवढं मनावर काय घेता, एवढं मोठं तळं, कोण बघतंय. मोठा चमचा (चमच्यासारखा चकचकीत खोटा चारा) लावा, मस्की लागली की फोटो काढा आणि सोडून द्या. सोडली की गुन्हा कसला?

ऐरोली_सेक्टर८

भाऊ, सीझन बंद असताना मस्कीसाठी मुद्दाम गळ टाकणं हेच चूक आहे, नंतर सोडली तरी. वॉर्डन होडी घेऊन फिरत असतात आणि तुमच्या गळाला काय बांधलंय ते बघूनच समजतं की हा माणूस कशाच्या मागे आहे. काका व्हिजिटर व्हिसावर आहेत, एका फोटोसाठी हा ताप कशाला?

आणि कारण पण समजून घ्या. मस्की वॉलायच्या नंतर अंडी घालते, पाणी आणखी तापल्यावर. मे च्या मध्याला ती गुडघा-कमरेएवढ्या पाण्यात, उथळ गवताळ खाडीत असते कारण तिथलं पाणी आधी गरम होतं. तेव्हा तिला ओढून बाहेर काढणं म्हणजे बाळंतिणीला जिना चढायला लावणं. वाढायला वर्षानुवर्षं लागतात, तळ्यात संख्या मुळात कमी. मिनेसोटाच्या बाकीच्या तळ्यांत मस्की घरी न्यायचीच असेल तर किमान ५४ इंच पाहिजे, म्हणजे काका म्हणतात ती साडेचार फुटी मगर ही सुरुवात आहे. तिथला ५४ पौंडांचा रेकॉर्ड, १९५७ चा, विनिबिगोशिश तळ्यातला, तो थेट २०२१ पर्यंत टिकला यावरून काय ते समजा.

तिथले लोक हिला दहा हजार कास्टचा (फेकींचा) मासा म्हणतात. मी एकदा जून अखेरीला मित्राबरोबर गेलो होतो. नऊ फुटी रॉड, ८० पौंडी वेणीची दोरी, पुढे स्टीलची तार कारण तिचे दात साधी दोरी कापतात. सकाळी सहापासून फेकतोय, खांदा गेला कामातून. ही बया चाऱ्याच्या मागे मागे होडीपर्यंत येते आणि नुसती बघते, म्हणून प्रत्येक फेक संपली की रॉडचं टोक पाण्यात घालून इंग्रजी आठचा आकडा काढत राहायचा, तिथेच झडप घालते कधी कधी. अकरा तासांत एकदाच आली. पाण्यात एक लाकडाचा ओंडका वर येतोय असं वाटलं, मग ओंडक्याला डोळा दिसला. मी आकडा काढायचं विसरलो, तसाच उभा. ती वळली आणि गेली. मित्र दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

काका, वॉलाय धरताना चुकून मस्की लागली तर घाबरू नका, पाण्याबाहेर काढू नका, लांब पक्कड असेल तर गळ काढा नाहीतर दोरी कापा आणि जाऊ द्या.

नेरूळची_सुलू

माझा भाऊ त्याच भागात राहतो म्हणून दोन गोष्टी, कारण पुरुष मंडळी जिगच्या रंगावर तीन पानं लिहितील पण स्वेटर कोणी सांगणार नाही.

काका, मे म्हटलं की आपल्याला घामोळं आठवतं. तिकडे तेव्हा बर्फ जाऊन फार दिवस झालेले नसतात. पहाटे होडीत हात इतके बधिर होतात की गाठ मारता येत नाही. कानटोपी, वॉटरप्रूफ जॅकेट-पँट, आणि बोटं उघडी असलेले लोकरी हातमोजे. लाइफ जॅकेट घालून बसायचं, सीटखाली ठेवून नाही. त्या पाण्यात पडलं की पहिला मिनिट नुसता श्वास आवरण्यात जातो, मग हातपाय कामाचे असतात ते दहाएक मिनिटं. पोहता येतं हा मुद्दाच नाही. भाऊ पहिल्या वर्षी जेटीवरून घसरला, पाणी छातीएवढं, दोन माणसांनी काढला आणि तरी अर्धा तास दात वाजत होते.

दुसरं, ते तळं लहान समजू नका. साधारण ४,३५० चौरस किलोमीटर, त्यात आपली अख्खी मुंबई सात वेळा मावेल. बेटंच चौदा हजारांवर. दक्षिणेकडचा भाग उघडा आहे, समोरचा काठ दिसत नाही, वारा सुटला की समुद्रच. जावयांना होडी चालवायची हौस असली तरी पहिल्या दिवशी कॅप्टनसकट चार्टर (भाड्याची होडी) घ्या. आणि सीमा पाण्यातूनच जाते, कुंपण नाही काही नाही. पलीकडे कॅनडा, आपल्या पासपोर्टला त्यांचा वेगळा व्हिसा लागतो आणि तिकडे गरवायला ओंटारिओचं लायसन्स लागतं. मासा पलीकडे चांगला लागतोय असं कोणी म्हणालं तरी जाऊ नका.

खायला वॉलाय सुरेख. पांढरी, वास नाही, काटा अगदी कमी, आपल्या जिताड्याला जवळची पण त्याहून नाजूक. तिकडे बटाट्याबरोबर तळून खातात, चांगलं लागतं पण मीठ-मिरी सोडून काही नसतं हो त्यात.

गायमुख_गरीवाला

सगळ्यांचे आभार. मस्कीचा नाद सोडला, म्हणजे या ट्रिपपुरता. मुलीला विचारलं की पुढच्या वर्षी जूनमध्ये बोलावशील का, ती म्हणाली बाबा आधी हे तरी होऊ दे.

दिवाळेकरांचं वलगणीचं फार आवडलं. मी मूळचा शहापूरकडचा, लहानपणी भातसेच्या ओढ्यात बत्ती धरून उभं राहायचं काम माझ्याकडे असायचं. पन्नास वर्षांनी तेच ज्ञान कॅनडाच्या बॉर्डरवर कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

काल एक प्रयोग केला. गॅलरीत बादलीत बर्फ टाकून हात पाच मिनिटं बुडवून ठेवले आणि मग गळ बांधून बघितला. सहा पैकी एक गाठ बसली, ती पण ओढल्यावर सुटली. म्हणून आता इथूनच पंधरा-वीस जिग दोरीच्या तुकड्यांना बांधून, पुढे छोटी क्लिप लावून नेणार आहे. जिग इथे ऑनलाइन मागवले, सात ग्रॅमचे, सोनेरी. चेक-इन बॅगेत टाकायचे ना?

बायकोचा एक प्रश्न आहे, तोच खरा प्रश्न आहे असं तिचं म्हणणं. रवा तिकडे मिळतो का, आणि आगळाची बाटली नेली तर विमानात फुटेल का?

नेरूळची_सुलू

गळ चेक-इनमध्येच. रवा मिनियापोलिसच्या कुठल्याही भारतीय दुकानात मिळतो, बॉडेटला मिळणार नाही, गाडीत बसायच्या आधी घ्या, साडेचार-पाच तासांचा रस्ता आहे. आगळ प्लास्टिकच्या बाटलीत, झाकणाला टेप, दोन पिशव्या, आणि काकांच्या कपड्यांत गुंडाळा, काकूंच्या नको.