पेन टूलने काढलेला पाथ नाहीसा होतो. तो जपून कसा ठेवावा?

मेहरूणकाठ (जळगाव) यांचा प्रश्न:

नमस्कार. एका सराफ पेढीच्या छापील कॅटलॉगसाठी दागिन्यांच्या छायाचित्रांतील बॅकग्राउंड उडवण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. फोटोशॉपच्या मॅजिक वाँडने (सारख्या रंगाचा भाग निवडणाऱ्या साधनाने) मखमली डबीचे काम भागते. परंतु सोन्याच्या पाटलीवर जेथे खालच्या पांढऱ्या कागदाचा उजेड पडलेला असतो, तेथे तिची कड कागदातच मिसळून जाते आणि सिलेक्शन (निवडलेला भाग) थेट दागिन्याच्या आत शिरते. म्हणून बिंदू जोडत कडेची रेषा, म्हणजे पाथ, काढणारे पेन टूल शिकायला घेतले आहे.

अडचणी दोन आहेत. एका पाटलीचा पाथ पूर्ण करून दुसरीचा काढायला घेतला की पहिला कधी जागेवर राहतो, तर कधी नाहीसा होतो, आणि यामागचा नियम काही उमगत नाही. शिवाय गोलाईवर बिंदूंची इतकी गर्दी होते की कड दातेरी दिसते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पांझराकाठ (धुळे):

आधी पाथ नाहीसा होण्याविषयी. पेनने थेट काढायला सुरुवात केली की फोटोशॉप तो ‘वर्क पाथ’ या नावाने तात्पुरता धरून ठेवते, आणि एका फाइलमध्ये वर्क पाथ एकच असू शकतो. पाथ्स पॅनेलमध्ये तो निवडलेला असताना तुम्ही पुढची पाटली काढली, तर ती त्याच पाथमध्ये जोडली जाते. पॅनेलच्या रिकाम्या जागेवर क्लिक होऊन त्याची निवड सुटली असेल, तर नवा पाथ जुन्याची जागा घेतो. तुम्हाला कधी एक तर कधी दुसरा अनुभव येतो, तो यामुळेच.

उपाय सोपा आहे: वर्क पाथच्या नावावर डबल-क्लिक करून त्याला नाव द्यावे, म्हणजे तो कायमचा होतो. त्याहून चांगली सवय म्हणजे पेन हातात घेण्यापूर्वीच पॅनेलच्या तळाशी असलेले ‘न्यू पाथ’ दाबावे. नावेही ‘पाथ १’, ‘पाथ २’ अशी ठेवू नयेत. ‘पाटली डावी’, ‘गोठ’ अशी ठेवली, तर महिन्याभराने पेढीवाल्यांनी बदल सांगितला तरी शोधाशोध करावी लागत नाही. फाइल पीएसडी किंवा टिफमध्ये जपावी. सिलेक्शन अल्फा चॅनलमध्येही (फाइलमधल्या जादा करड्या थरात) ठेवता येते, पण ते पिक्सेलमध्ये साठते; पाथमध्ये केवळ बिंदू आणि हँडल (बिंदूपासून निघणाऱ्या, वळण ठरवणाऱ्या दांड्या) यांची नोंद असल्यामुळे फाइल फारशी फुगत नाही आणि वक्र नंतरही हवा तसा दुरुस्त करता येतो.

हतनूर (भुसावळ):

बिंदूंच्या गर्दीबद्दल लिहितो. पेनचा वक्र हा बेझिए वक्र आहे. रेनो कंपनीतील अभियंते पिएर बेझिए यांनी 1960च्या दशकात मोटारींच्या पत्र्याची वळणे रेखण्यासाठी तो वापरात आणला. सित्रोएन या मोटार कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी 1959 साली तीच वाट स्वतंत्रपणे शोधली होती. दोन बिंदू आणि दोन हँडल एवढ्यावर वळणाचा एक तुकडा ठरतो, म्हणून संपूर्ण वर्तुळाला चार बिंदू पुरतात आणि प्रत्येक हँडलची लांबी त्रिज्येच्या साधारण 0.55 पट ठेवावी लागते.

तुमची पाटली छायाचित्रात तिरपी, म्हणजे लंबवर्तुळाकार दिसत असणार. अशा वेळी तिच्या लांब आणि आखूड अक्षांच्या टोकांवर चार बिंदू ठेवावेत आणि हँडल त्या त्या ठिकाणच्या कडेला समांतर ओढावे. वळण अचूक बसले नाही म्हणून मध्ये नवा बिंदू घालण्याचा मोह होतो. तो आवरून कंट्रोल दाबावे आणि आधीचेच हँडल लांब-आखूड करून पाहावे. नक्षीचा कंगोरा आला, तर ऑल्ट दाबून एका बाजूचे हँडल मोडता येते. पाथ कडेच्या बरोबर वर न ठेवता एखादा पिक्सेल आत ठेवल्यास कागदाची पांढरी किनार सोबत येत नाही. आतल्या पोकळीसाठी त्याच पाथमध्ये दुसरे वर्तुळ काढून ‘एक्स्क्लूड ओव्हरलॅपिंग शेप्स’ निवडावे, अन्यथा पाटलीची तबकडी होईल!

मेहरूणकाठ:

दोघांचेही आभार. घरच्या संगणकावर गिम्प (फोटोशॉपसारखे मोफत सॉफ्टवेअर) आहे; तेथेही हेच चालेल काय? आणि छापखान्याने ‘क्लिपिंग पाथ’ (ज्याच्या बाहेरचा भाग छापला जात नाही असा पाथ) असलेली टिफ मागितली आहे, ती कशी द्यावी?

पांझराकाठ:

गिम्पमध्ये ‘बी’ची कळ दाबली की पाथ्स टूल येते. पोकळीचे दुसरे वर्तुळ सुरू करताना शिफ्ट धरून क्लिक करावे, आणि एंटर दाबल्यावर पाथचे सिलेक्शन होते. काढलेला पाथ दिसेनासा झाला, तर पाथ्सच्या यादीत त्याच्यासमोरचा डोळा बंद असण्याचीच शक्यता अधिक. मूळ काम गिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ फाइलमध्ये ठेवावे, कारण पीएनजी म्हणून एक्स्पोर्ट केले की पाथ मागेच राहतो. अन्यत्र न्यायचा असल्यास पाथ्सच्या मेनूतून त्याची एसव्हीजी (रेषांची नोंद ठेवणारी) फाइल करून घ्यावी.

छापखान्यासाठी मात्र फोटोशॉपच बरे. पाथला नाव दिल्यानंतर पाथ्स पॅनेलच्या मेनूतून ‘क्लिपिंग पाथ’ निवडावे, ‘फ्लॅटनेस’चा रकाना रिकामा ठेवावा आणि टिफ म्हणून सेव्ह करावे. क्लिपिंग पाथची कड धारदार असते, तिच्यात मऊ सावली मावत नाही. पाटलीखाली सावली हवी असल्यास ती वेगळ्या लेअरवर करून तसे छापखान्याला आधीच कळवावे.