मदत हवी आहे: शिडाची लाकडी होडी हिवाळाभर कोरडी पडली, फळ्यांत फटी पडल्यात

मंडळी, नमस्कार.

पावसाळ्यात होडी कशी शाकारायची हे विचारलं, तर मढ-वेसाव्याचं शेंबडं पोरही सांगेल. माझा प्रश्न उलटा आहे. हिवाळ्यात, जमिनीवर, कोरडी ठणठणीत उभी असलेली होडी राखायची कशी? गेले पंधरा दिवस ज्याला त्याला विचारतोय आणि जो तो मला ताडपत्रीचे भाव सांगतोय.

आधी माहिती देतो, म्हणजे उलटे प्रश्न नकोत. माझं वय ७१, राहायला पार्ल्यात, गोदीतून निवृत्त. होडी २२ फुटी. सागाच्या फळ्या, बाभळीच्या बरगड्या, एक डोलकाठी, दोन शिडं. १९८८ साली मढलाच एका सुताराकडून बांधून घेतली. ते सुतार आता नाहीत, त्यांचा मुलगा फायबरच्या होड्या करतो. लाकडाला हात लावायला त्याला वेळ नाही, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नाही. छोटं इंजिन आहे, पण ते सध्या आमच्या बाल्कनीत आहे आणि त्यावर टॉवेल वाळत असतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा आमचा सीझन. पहाटे जमिनीवरून मतलई सुटते, ती अलगद बाहेर घेऊन जाते. अकराच्या सुमाराला वारा पडतो, शीड लुळं होऊन लोंबतं, तेव्हा डबा उघडायचा. दुपारी वायव्येचा वारा धरला की तोच घरी आणून सोडतो. थंड देशांतले लोक हिवाळ्यात होड्या झाकून शेकोटीपाशी बसतात म्हणे. मुंबईत हिवाळ्यात होडी घरी ठेवणं म्हणजे आंब्याच्या दिवसांत गावाला कुलूप लावून येण्यासारखं.

यंदा ते करावं लागलं. मेच्या शेवटच्या उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, होडी मढच्या किनाऱ्यावर वर ओढली, नेहमीसारखी. एरवी नारळी पौर्णिमा झाली की रंगकाम आणि गणपती गेले की पाण्यात. पण गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख आज-उद्या करत दिवाळीनंतरची ठरली. मध्येच कशाला पाण्यात टाकायची, काढायला कोण, म्हणून ती तशीच राहिली. आता गुडघा नवा आहे. सोसायटीच्या आवारात चार फेऱ्या होतात. पण डॉक्टर म्हणतात, हलत्या फेरीबोटीवर चढणं-उतरणं आणि होडीत उडी मारणं मार्चपर्यंत विसरा. म्हणजे वेसाव्याहून पलीकडे मढला पाच मिनिटांत जाणारी बोटही बंद. मार्व्हे रस्त्याने रिक्षाने जायचं तर त्या खड्ड्यांत गुडघ्याआधी कंबर जाईल.

गेल्या रविवारी भाच्याला पाठवलं. त्याने होडीत बसून व्हिडिओ काढला. ताडपत्रीखाली आत अंधार, आणि उजवीकडच्या तिसऱ्या-चौथ्या फळीच्या मधून उन्हाची एक सरळ रेघ त्याच्या चपलेवर पडलेली. मग त्याने खिशातून रुपया काढला आणि फटीत सरकवला. तो गेला. अडकला नाही, सरळ गेला, आणि बाहेर वाळूवर पडल्याचा आवाजसुद्धा व्हिडिओत आहे. ही फट पाण्याच्या रेषेच्या खाली आहे. डावी बाजू त्या मानाने ठीक.

सदतीस वर्षांत असं झालं नव्हतं, कारण सदतीस वर्षांत ती हिवाळ्यात जमिनीवर नव्हतीच.

आता सल्ले ऐका. एक स्नेही म्हणतात, एम-सील नाहीतर इपॉक्सी भर आणि मोकळा हो. दुसरे म्हणतात, वरून आख्खी फायबरने मढवून टाक. तिसरे म्हणतात, पाण्यात ढकल, फुगेल आपोआप. पण ढकलून झाल्यावर रोज जाऊन पाणी उपसणार कोण? आणि महिनोन्महिने नांगरावर उभी राहिली तर तळाला शिंपले आणि फळीत किडा. हिच्या मते होडी विकावी. हे ती १९९४ पासून म्हणते आहे, त्यामुळे तो सल्ला धरत नाही.

तर विचारायचं एवढंच. फटी आत्ता भरू का? न भरता मार्चपर्यंत थांबलो तर त्या आणखी वाढतील का? लाकडी होडीचा अनुभव असलेल्यांनीच लिहावं ही विनंती. फायबरवाल्यांचा राग नाही, पण तुमची होडी वाळत नाही.

प्रतिसाद: उधाण

काका, आधी एक सांगा, होडीचं तोंड कुठल्या दिशेला आहे?

प्रतिसाद: धागाकर्ता

खाडीकडे, म्हणजे पूर्वेला. का?

प्रतिसाद: उधाण

मग उत्तर तुमच्या व्हिडिओतच आहे. तोंड पूर्वेला म्हणजे उजवी बाजू दक्षिणेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कलून जातो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तीच बाजू भाजते. ताडपत्री तुम्ही पावसासाठी बांधता तशी बांधली असणार, डोक्यावर. पाऊस वरून येतो, हे ऊन बाजूने येतं. डावी बाजू सावलीत आहे म्हणून ती ठीक आहे.

साग त्यातल्या त्यात कमी आकसतो, नाहीतर रुपयाच्या जागी बोट गेलं असतं.

प्रतिसाद: सुकाणू

फटी भरू नका. पुन्हा लिहितो, भरू नका. आमच्या वडिलांची होडी याच्यापायी गेली, म्हणून जीव तोडून सांगतोय.

कोरडी फळी म्हणजे आकसलेली फळी. तुम्ही त्या फटीत इपॉक्सीसारखं दगड होणारं काही भरलंत की आत्ता ती बेमालूम दिसेल. मग होडी पाण्यात गेली की फळ्या फुगणार आणि त्यांना फुगायला जागा नसणार. काहीतरी सुटणारच. एकतर भरलेलं बाहेर फेकलं जाईल, नाहीतर खिळे ओढले जातील, नाहीतर बरगडी तडकेल. आमच्याकडे दोन बरगड्या गेल्या. भरून आठवडा झाला होता.

फायबरने मढवण्याचंही तेच. जुनं लाकूड आत हलत राहतं, वरचं कवच हलत नाही. मध्ये पाणी शिरलं की बाहेर यायला वाट नाही, आणि लाकूड आतल्या आत कुजतं. वरून रंग छान दिसतो, तो भाग वेगळा.

फळ्यांच्या सांध्यात ठोकलेलं जुनं सूत फटीत आहे की गळून गेलंय ते भाच्याला बघायला सांगा. सूत असेल तर ठोकू नका, हातही लावू नका. गळलं असेल तर तेवढ्याच जागी सुती दोरा सैलसर बसवा आणि वर शेंदूर आणि जवसाच्या तेलाची मऊ लुकण, म्हणजे पुट्टी. ती फळीबरोबर दबते. शेंदूर विषारी असतो, हातमोजे घाला आणि खरवडायला घेतलंत तर नाकातोंडाला धुळीचा मास्क लावा.

प्रतिसाद: एक वाचक

पाण्यात टाकता येत नसेल तर होडीतच पाणी भरून ठेवलं तर? आमच्या गावी लाकडी पिंप असंच फुगवतात.

प्रतिसाद: सुकाणू

पिंप जमिनीवर सपाट बसतं. होडी चार टेकूंवर उभी आहे. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, आणि २२ फुटी होडीत हजार लिटर कधी भरलं ते कळतसुद्धा नाही. पाण्यात असताना बाहेरून पाणी पेलतं, इथे कोण पेलणार? टेकू जिथे लागलाय तिथेच फळी फुटेल.

प्रतिसाद: खाडीपल्याड

काका, मी मढचाच. तुमची होडी मला माहीत आहे, निळ्या पट्ट्याची. आमच्या आज्याची पद्धत सांगतो. गोणपाट घ्यायचं, प्लास्टिकची गोण नको, तागाची. आत तळाला फळ्यांवर पसरायचं आणि खाडीचं पाणी मारायचं. नळाचं नाही. गोड्या पाण्याने लाकूड कुजतं, खाऱ्याने नाही. गोणपाटाखाली थोडं खडं मीठ टाकलं तर ते हवेतली ओल धरतं, दिवसाआड पाणी मारलं तरी चालतं. जास्त मीठ नको, तुमचे खिळे लोखंडी असतील तर ते खाईल.

आणि दक्षिणेच्या बाजूला बाहेरून गोणपाटाचा पडदा सोडा, वाळूपासून वीतभर वर. हवा खेळली पाहिजे.

भाचा पार्ल्याहून दिवसाआड येणार आहे का? नसेल तर सांगा. मी तसाही सकाळी तिथूनच जातो.

प्रतिसाद: धागाकर्ता

निळ्या पट्ट्याचीच. हे वाचून जरा गलबलून आलं, गुडघ्याच्या गोळ्यांचा परिणाम असावा.

सर्वांचे आभार. सुकाणू, बरगड्यांचं वाचून मी एम-सीलवाल्या स्नेह्यांना फोन करून नको म्हणून सांगितलं. ते घेऊनच येणार होते.

आता दुसरी अडचण, होडी पुन्हा पाण्यात नेण्याची. मे महिन्यात आम्ही ती दिवसाच्या मोठ्या भरतीला पार वर घेतली होती. हिवाळ्यात रात्रीची भरती मोठी आणि दिवसाची लहान असते. सध्या उधाणाला दुपारचं पाणी होडीपासून आठ-दहा पावलं खालीच राहतं. पोचतं ते मध्यरात्री साडेबारा-एकला. रात्री एक वाजता, नव्या गुडघ्याने, चिखलात? घरात हे बोललोसुद्धा नाही.

प्रतिसाद: उधाण

बोलूही नका, गरजच नाही. दिवसाच्या आणि रात्रीच्या भरतीतला हा फरक डिसेंबर-जानेवारीत आणि जून-जुलैत जास्त असतो. मार्चच्या पौर्णिमा-अमावास्येला चंद्र विषुववृत्ताच्या आसपास असतो, त्यामुळे दोन्ही भरत्या जवळपास सारख्या होतात, आणि त्या दिवसांतलं उधाण मोठंही असतं. तुमचे डॉक्टर मार्च म्हणालेत ना? भरतीचं कोष्टकही मार्चच म्हणतंय. भर दुपारी पाणी होडीला लागेल.

लगेच नांगरावर नेऊ नका. तिथेच उथळ पाण्यात दोरांनी बांधून दोन-तीन भरत्या येऊ-जाऊ द्या. पहिल्या भरतीला पाणी आत येणारच, घाबरू नका. ओहोटीला ती चिखलावर बसेल, आतलं उपसा, पुढच्या भरतीला कमी येईल. पंप आणि भरलेली बॅटरी मात्र आधीपासून तयार हवी.

प्रतिसाद: खाडीपल्याड

पौर्णिमेचा दिवस धरू नका. त्या दिवशी कोळीवाड्यात शिमगा, होडी ढकलायला एक माणूस मिळणार नाही. मिळाला तरी तो सरळ उभा असेल याची खात्री नाही. पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी धरा. पाणी तेव्हाच सगळ्यात मोठं असतं, आणि पोरं पण ताळ्यावर आलेली असतील.

प्रतिसाद: सुकाणू

शिडं कुठे आहेत? त्यांचं कुणी विचारलंच नाही.

प्रतिसाद: धागाकर्ता

शिडं दिवाणात, हिच्या पैठण्यांच्या खाली. घडी दर महिन्याला बदलतो, एकाच रेषेवर कापड तुटू नये म्हणून. डांबराच्या गोळ्या पैठण्यांसाठी आहेत, पण फायदा दोघांना.

धागाकर्ता, तीन आठवड्यांनी

अपडेट द्यायचं राहिलं होतं.

गोणपाट दादरहून आणलं, बारा पोती. वाण्याकडे तागाची पोती आता मिळत नाहीत, सगळी प्लास्टिकची, त्यासाठी दोन फेऱ्या झाल्या. आत सगळीकडे पसरलं, दक्षिणेला पडदा सोडला. भाचा शनिवार-रविवार जातो, मधल्या दिवसांत खाडीपल्याड पाणी मारतात. पैशांचं विचारलं तर रागावले. मग हिने डिंकाचे लाडू पाठवले, ते ठेवून घेतले.

जुनं सूत जागच्या जागी आहे, दोन हात लांबीचा एक तुकडा सोडून. तेवढ्या जागी सुती दोरा घातलाय. लुकण आत्ता लावायची की पाण्यात टाकायच्या आदल्या आठवड्यात, हे सुकाणू यांनी सांगावं.

काल भाच्याने पुन्हा व्हिडिओ पाठवला. रुपया जात नाही. मी म्हटलं, नीट दाब. त्याने नीट दाबला, नाही गेला. मग खिशातलं लोकलचं तिकीट काढून घातलं, ते गेलं.

मार्चमध्ये पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्या दुपारी ढकलायला सहा माणसं लागतील. चार झाली आहेत. मला त्यात धरू नका. मी किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसणार, अशी घरात लेखी कबुली दिली आहे.