मदत हवी आहे : क्लब कर्जात, कमिटी हॉल रिसॉर्टवाल्याला द्यायला निघाली आहे

नमस्कार मंडळी,

उत्तर रत्नागिरीतल्या एका तालुक्याच्या गावी आमचा सभासदांचा खाजगी क्लब आहे. नाव मुद्दाम देत नाही. जांभ्याची जुनी इमारत, बॅडमिंटन हॉल, पत्त्यांची खोली, कॅन्टीन आणि मागे माडांची वाडी. संस्था म्हणून नोंदणी आहे आणि धर्मादाय कार्यालयातही.

जून २०२० च्या निसर्ग वादळात हॉलचे पत्रे उडाले. पतसंस्थेचं कर्ज काढून नवे घातले, ते हप्ते आता थकलेत. कमिटी सगळं खापर वादळावर फोडते, मला ते पटत नाही. खरं दुखणं आजीव सभासदत्वाचं आहे. वर्षानुवर्षं आजीव वर्गणी घेतली, ती मुदत ठेवीत न टाकता वीजबिलं आणि पगारात घातली. आज निम्म्याहून जास्त सभासद आजीव, त्यातले बरेच मुंबईकर, मे महिन्यात आणि गणपतीत येणारे. त्यांच्याकडून दरवर्षी काही येत नाही आणि ठेवीचं व्याजही नाही. म्हणून आम्हा वार्षिकवाल्यांची वर्गणी एकदम दुप्पट केली.

आणि त्या बदल्यात काय? पावसात हॉल गळतो, नेटच्या बाजूला बादली ठेवून खेळावं लागतं. बायकांच्या स्वच्छतागृहात संध्याकाळी पाणी नसतं. सोलकढी मागितली तर नारळ नाहीत म्हणतात. मागे वाडीत नारळ लागलेत, ते पाडून घ्यायला मजुरी नाही. कॅन्टीनच्या मुलांचे पगार थकलेत, त्यांच्याकडे चांगल्या सेवेची अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची? माझ्या मते पैसा आला की पहिला त्यांचा पगार द्यावा, मग पतसंस्था.

आता कमिटी हॉल आणि वाडी एका रिसॉर्टवाल्याला द्यायला निघाली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, हे मला माहीत आहे. पण कमिटी म्हणते, अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स करू, दरवर्षी वाढवू, परवानगी लागतच नाही. ही पळवाट खरंच टिकते का? कोणाच्या संस्थेत असं झालंय का?

दुसरं, लेखापरीक्षण अहवाल मागितला की "सभेत बघा" म्हणतात आणि सभेत दोन मिनिटांत मंजूर करून टाकतात. धर्मादाय कार्यालयात दाखल झालेल्या अहवालाची नक्कल साध्या सभासदाला मिळते का, अर्ज कसा करायचा?

आजीव सभासदांकडून देखभाल निधी म्हणून वार्षिक रक्कम घ्यायची तर घटना दुरुस्ती करावी लागेल की सर्वसाधारण सभेचा ठराव पुरतो? कुठल्या संस्थेने हे भांडण न होता केलं असेल तर कसं केलं ते सविस्तर लिहा. मुंबईकरांना मी स्वतः फोन करायला तयार आहे.

कोर्टकचेरी नको आहे. यातली बरीच माणसं रोज समोर येणारी आहेत. वार्षिक सभा गणपतीनंतर आहे, त्याआधी कोणा जाणकाराने, विशेषतः ट्रस्टची कामं करणाऱ्या वकील किंवा सीएने सांगितलं तर फार उपकार होतील.