जुन्या भेगा नव्या डांबरावर पुन्हा का उमटतात?

देवगडकर:
आमच्या गावच्या रस्त्यावर गेल्या उन्हाळ्यात २० मिलिमीटरचे कारपेट (डांबर-खडीचा पातळ थर) आणि त्यावर सीलकोट (पाणी अडवणारा डांबरी लेप) झाला. पावसाळा सरताच जुन्या भेगा होत्या त्याच जागी नव्या उमटल्या असून मधून एक लांब, सरळ भेगही गेली आहे. ग्रामसभेत जाड थराची मागणी करावी, असे बहुतेकांचे मत आहे. तेवढ्याने भागेल का?

खडीकरण:
जाडीने भेग थांबत नाही, उशिरा वर येते. जुन्या भेगेच्या कडा चाकांखाली वरखाली होतात, ऊन-गारव्याने सरकतात आणि तो ताण वरच्या थरावर त्याच रेषेत पडतो. त्यातून २० मिलिमीटरचे कारपेट हा भार पेलणारा थर नव्हेच. सुट्या भेगा हवेच्या झोताने साफ करून, आतून कोरड्या असतानाच रबरमिश्रित डांबराने भराव्यात. जाळीदार भेगा मात्र खालचा थर किंवा पाया निकामी झाल्याची खूण असल्याने तेवढा भाग खणून, नवी खडी दाबून बसवल्याशिवाय वर काहीही टाकणे म्हणजे पैसे पुरणे होय. डांबरात भिजवलेले जिओटेक्सटाइल कापडही जुन्या आणि नव्या थराच्या मध्ये अंथरतात. पण त्यावर निदान ४० मिलिमीटरचा थर हवा आणि खचलेला पाया ते सावरत नाही. मधल्या भेगेबद्दल विचारतो: रस्ता कधी रुंद केला होता का?

देवगडकर:
होय, एकाच बाजूने, गटार बुजवून.

गुहागरची वाट:
मग ती भेग बहुधा जुन्या-नव्या भागाच्या सांध्यावरच आहे. भरावाची बाजू थोडी बसली की सांधा उघडतो. तिथे दोन्ही भाग पायऱ्या कापून एकमेकांत गुंतवावे लागतात, आणि हे काम सहसा वगळले जाते. आपल्याकडे चार महिने पाणी मुरते. डोंगराकडचे गटार नसेल, तर जांभ्यातून झिरपणारे पाणी थेट रस्त्याखाली येते. साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच असेल, तर वरचे पाणीही उतरत नाही. टॅक कोटकडेही, म्हणजे नवा थर जुन्याला चिकटवणाऱ्या डांबरी फवाऱ्याकडेही, लक्ष द्या: चिऱ्यांच्या ट्रकांनी सांडलेली लाल माती न झाडता इमल्शन (पाण्यात मिसळलेले डांबर) मारले, किंवा ते तपकिरीचे काळे होण्याआधीच माल ओतला, तर थर नीट चिकटत नाही.

खडीकरण:
सहमत. ग्रामसभेच्या ठरावात थराच्या जाडीआधी गटार, सांध्याची दुरुस्ती आणि भेगा भरणे अंदाजपत्रकात स्वतंत्र बाबी म्हणून मागा. गटाराचे काम डांबरीकरणाच्या आधी झाले पाहिजे, अन्यथा खोदकामात नवी कड पुन्हा फुटेल.