मिशन फ्लाइंगमध्ये जायचंय: आधी एअरलाइन की थेट तिकडेच?

रानवारा
नमस्कार. माझं कमर्शियल लायसन्स आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर दिसत नसताना उपकरणांवर उडवायची परवानगी) झालंय, हातात उड्डाणाचे २३० तास आहेत. बरोबरीच्यांनी एअरलाइनचे अर्ज भरले. माझं मन मात्र मिशन फ्लाइंगमध्ये अडकलंय. जिथे रस्ताच नाही तिथे छोट्या विमानातून औषधं, पेशंट, शिक्षक न्यायचे. माझे सर म्हणाले, "आधी एअरलाइनमध्ये दीड हजार तास कर. आणि तिकडे माल पायलटलाच चढवावा लागतो, ड्रम उचलावे लागतात. तुला झेपायचं नाही." ते दुसरं वाक्य मनाला लागलंय, पण खोडून काढायला माझ्याकडे अनुभव नाही. कुणा बाईने हे काम केलंय का? जे असेल ते स्पष्ट सांगा.

शेपटीचाक
केलंय, अकरा वर्षं. आधी ड्रमचं सांगते. २०० लिटरच्या ड्रममध्ये नुसतं इंधनच १६० किलोच्या आसपास असतं. तो कुणीच एकट्याने उचलत नाही, फळ्या टाकून दोघं-तिघं लोटतात. पहिल्या वर्षी हट्टाने जोर लावून मी पाठ धरून घेतली होती. तू तसं करू नकोस. ड्रम विमानात कुठे बसेल, कसा आवळला जाईल आणि त्याने तोल किती मागे जाईल, हे मात्र तुलाच ठरवायचंय. माणसंसुद्धा काट्यावर उभी करून वजन लिहून घ्यायचं, मग पुढे कितीही मोठा साहेब असो.

दीड हजार तासांबद्दल माझं मत तुझ्या सरांहून वेगळं आहे. एअरलाइनमध्ये शिस्त लागते, ती कुठे वाया जात नाही. पण डोंगरातल्या धावपट्टीची सवय तिथे होत नाही. चढावर उतरायचं, उतारावरून उडायचं. चढाची पट्टी समोर आली की आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असं डोळ्यांना वाटतं आणि हात नकळत विमान खाली नेतो. उन्हं वाढली की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनही दमतं. म्हणून आमचा दिवस पहाटे सुरू व्हायचा. आणि एका ठरलेल्या खुणेपुढे गेलीस की गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं, नाही, कारण समोरचा डोंगर तुझ्या विमानापेक्षा वेगाने चढत असतो.

एकदा दुपारी एका अडलेल्या बाळंतिणीसाठी वायरलेसवर निरोप आला. गेले. खुणेपाशी पोचले तेव्हा पट्टीचा वरचा अर्धा भाग ढगात होता. वळले. रात्रभर डोळा लागला नाही. पहाटे पुन्हा जाऊन तिला आणलं. ती वाचली, बाळ गेलं. मी वळले ते बरोबरच होतं, हे आजही म्हणते, आणि ते बाळ आजही आठवतं. तुला काय झेपेल हे विचारायचं असेल तर हे विचार.

पाना_नंबर_दहा
मी पायलट नाही, मेंटेनन्समधला. मिशन एव्हिएशन फेलोशिप या मिशन फ्लाइंग करणाऱ्या ख्रिस्ती संस्थेचं पहिलं उड्डाण १९४६ मध्ये बेटी ग्रीन यांनी केलं, मेक्सिकोला, वॅको बायप्लेनमधून. युद्धकाळात त्या अमेरिकेच्या 'वास्प' या महिला वैमानिकांच्या दलात होत्या. पुढे तेच विमान दुसऱ्या पायलटच्या हातून मोडलं आणि दुरुस्तीसाठी नेट सेंट या पायलट-मेकॅनिकना मेक्सिकोला जावं लागलं. सांगायचा मुद्दा हा, की पाना धरता येणारा पायलट या संस्थांना फार मोलाचा वाटतो. जमलं तर मेंटेनन्सचं लायसन्सही घे. आणखी एक, अशा बऱ्याच संस्था धर्मसेवेतून चालतात आणि पगाराचे पैसे कित्येकदा स्वतःच देणगीदारांकडून उभे करावे लागतात. अर्ज करण्याआधी हे मनाशी पक्कं कर.

रानवारा
ताई, दोनदा वाचलं. त्या बाळाबद्दल काय लिहावं सुचत नाहीये. एक विचारू? मूल होऊ देताना तुम्ही काय केलंत?

शेपटीचाक
आयसीएओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) शिफारशीप्रमाणे गरोदरपणात सगळं सुरळीत असेल तर बाराव्या आठवड्याच्या अखेरीपासून सव्विसाव्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत उडता येतं. देशोदेशीचे नियम वेगळे असतात, तुझ्या मेडिकल एक्झामिनरला आधीच विचारून ठेव. मी तेवढंही उडले नाही. पट्टी दुर्गम, जवळ डॉक्टर नाही, म्हणून रेडिओवर बसले, हवामान घेतलं, लोडशीट्स (विमानातल्या वजनाचे तक्ते) तपासल्या. परतल्यावर पुन्हा प्रत्येक पट्टीवर चेक पायलटबरोबर (परीक्षा घेणाऱ्या पायलटबरोबर) उतरून दाखवावं लागलं. तेव्हा राग आला होता. तिसऱ्याच पट्टीवर मी खुणेपाशी उशिरा निर्णय घेतला, आणि राग तिथेच गेला.

रानवारा
आमच्या हँगरमध्ये एका विमानाचं शंभर तास उडल्यावरचं इन्स्पेक्शन आहे शनिवारी. उभी राहू देतात का, विचारून येते.