अर्थ न जाणता केलेला जप : श्रावणातील सव्वा लाखाच्या संकल्पावरून एक चर्चा

मूळ मांडणी (जुळे सोलापूर)

आमच्या वसाहतीने या श्रावणात 'ॐ नमः शिवाय' या मंत्राचा सव्वा लाख जप सामूहिकरीत्या करण्याचे ठरविले असून त्याचे पत्रक घरोघरी वाटले गेले आहे. रोज किती माळा ओढायच्या, कोणत्या वेळी बसायचे आणि नोंद कोणाकडे द्यायची, हे सारे त्या पत्रकात आहे. मंत्राच्या अर्थाविषयी मात्र एक ओळही नाही. माझा आक्षेप जपाला नसून या वगळण्याला आहे.

'नमः शिवाय' ही अक्षरे कृष्ण यजुर्वेदातील रुद्राध्यायाच्या आठव्या अनुवाकात, म्हणजे पोटविभागात, येतात. तो अध्याय रुद्राच्या क्रोधाला आणि बाणाला नमस्कार करून सुरू होतो. पुढे चोरांचा अधिपती म्हणून त्यालाच वंदन करतो, सुतार, रथकार, कुंभार आणि लोहार यांनाही नमस्कार घालतो, आणि एवढे सगळे ओलांडल्यावर 'शिव', म्हणजे कल्याणरूप, या नावापाशी येतो. ज्याची भीती वाटते त्यालाच कल्याणकारी म्हणून ओळखणे, हा त्या नमस्काराचा आशय आहे. तो ठाऊक नसताना केवळ आकडा गाठण्यात काय साधते? प्रणवाच्या, म्हणजे ॐकाराच्या, जपाविषयी सांगतानाही पतंजलींनी योगसूत्रांत (1.28) जप आणि अर्थाचे भावन (मनात चिंतन) ही दोन्ही एकाच सूत्रात घातली आहेत.

प्रतिसाद (साखर पेठ)

आपला अभ्यास आदरणीय आहे, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही. आमच्या घरी कन्नड बोलली जाते. माझ्या आजीला संस्कृतचा गंधही नव्हता. तरी ती डाव्या तळहातावर इष्टलिंग, म्हणजे अंगावर धारण करायचे छोटे शिवलिंग, घेऊन रोज पंचाक्षरी, म्हणजे 'नमः शिवाय' हा पाच अक्षरांचा मंत्र, म्हणत असे आणि उठताना तिचा चेहरा निवळलेला असे. तिची उपासना अपुरी होती, असे आपण म्हणणार आहात काय? मंत्रात शब्दांचा क्रम बदलता येत नाही आणि समानार्थी शब्दही घालता येत नाही, यावरूनच त्याचे सामर्थ्य अर्थात नसून उच्चारात आहे, हे उघड होते. वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्काच्या निरुक्त या प्राचीन ग्रंथात कौत्स नावाच्या आचार्याचे मत दिलेले आहे, त्याने तर मंत्रांना अर्थच नसतो असे म्हटले होते. तेव्हा ही भूमिका आजची नव्हे.

मूळ लेखकाचे उत्तर

कौत्साचे मत यास्काने दिले ते खोडून काढण्यासाठी. आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा अपराध नव्हे, असे त्याचे सडेतोड उत्तर तिथेच आहे. आपल्या आजींविषयी बोलायचे तर त्यांना शब्दार्थ सांगता आला नसेल, पण आपण कोणापुढे नमतो हे त्यांना पक्के ठाऊक होते. मी मागतो आहे ते तेवढेच. पत्रकात त्यासाठी चार ओळी पुरतात.

प्रतिसाद (होटगी रस्ता)

अर्थ आणि उच्चार या वादात श्वास बाजूला राहिला. 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात 23 निरोगी व्यक्तींना लॅटिनमधील मेरीची जपमाळ आणि एक बौद्ध मंत्र म्हणावयास सांगितले असता, दोन्ही वेळी श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत मंदावला आणि रक्तदाब सावरणारी शरीराची प्रतिक्रिया अधिक सक्षम झाली. दैवत वेगळे, भाषा वेगळी, परिणाम मात्र एकच. कारण लय एकच होती. अभ्यास लहान होता आणि परिणाम त्या वेळेपुरता मोजलेला होता, म्हणून त्यावरून रक्तदाबाच्या गोळ्या कोणी बंद करू नयेत.

आता आपला संकल्प पाहा. पन्नास जणांत सव्वा लाख वाटले तर प्रत्येकी 2500 येतात. तीन सेकंदांस एक या गतीने ते दोन तासांत उरकतात; मिनिटाला सहा, म्हणजे एका श्वासाला एक, या गतीने मात्र जवळजवळ सात तास लागतात. संख्येची घाई झाली की माणूस साहजिकच पहिली गती धरतो आणि ज्यासाठी बसलो तेच हातून निसटते. माझ्या मते संख्या काढून टाकावी. 'पुण्याची गणना कोण करी' हे हरिपाठात ज्ञानेश्वरांनी सांगून ठेवले आहेच.

प्रतिसाद (अशोक चौक)

सर, आपण सगळे रक्तदाबावर आणून ठेवले. आम्हा पद्मशाली लोकांत मार्कंडेय ऋषी हे कुळाचे आराध्य. सोळाव्या वर्षी मृत्यू लिहिलेला तो मुलगा लिंगाला मिठी मारून बसला आणि यम परतला, ही कथा ऐकतच आम्ही वाढलो. घरात कोणी अत्यवस्थ असले की आजही महामृत्युंजयाचा जप होतो. तो जप नाडीचे ठोके सुधारण्यासाठी नसतो. रुग्णाच्या उशाशी बसलेल्यांना काहीच करता येत नसताना त्या असहायतेला वाट देणारे दुसरे काय आहे, हे मला सांगावे. पिकलेले फळ देठापासून सुटते तसे मृत्यूच्या बंधनातून सुटावे, असे मागणे त्या ऋचेत आहे. तेव्हा अर्थ कळावा या मागणीला माझा पाठिंबा आहे.

प्रतिसाद (बाळीवेस)

बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी याच गावात तळे खोदविले. परंपरा सांगते की शिवभक्त संत अल्लमप्रभू येथे आले तेव्हा त्यांनी या लोकोपयोगी कामाचेही कौतुक केले नाही, उलट अंतरंगात काय घडले ते विचारले. तोच प्रश्न आपल्या सव्वा लाखाला लागू पडतो. हिशेबाची वही कोण ठेवणार, यावर वसाहतीत झालेली वादावादी पाहता त्याचे उत्तर फारसे सुखद असेल असे वाटत नाही.

प्रतिसाद (साखर पेठ)

पत्रकावर चार ओळी छापण्यास माझी हरकत नाही. संख्या मात्र राहू द्यावी. ज्यांचे चित्त आधीच स्थिर आहे त्यांना माळेची गरज नाही, हे खरे. पण दिवसभर यंत्रमागाच्या खडखडाटात उभा राहून आलेला माणूस डोळे मिटतो तेव्हा त्याच्या डोक्यात मजुरी, हप्ते आणि मुलांची फी एवढेच असते. मण्यामागून मणी सरकविण्याचे काम बोटांना मिळाले, तरच त्याचे मन घटकाभर जागेवर राहते. गती मंद हवी हे मान्य असेल, तर सव्वा लाखाची मुदत श्रावणाऐवजी कार्तिकापर्यंत वाढवावी.